नावे आणि जमा

मनुष्य साठी उलटल्यावर चोरी करावयास शिकतो, असे मला पूर्वी कोणी सांगितले असते, तर मी त्याला हसलो असतो. परंतु गेली दोन-तीन वर्षे महिन्यातून एकदा मी चोरासारखा वागतो, ही गोष्ट खरी आहे. नागपुराहून येणारी बस दिवेलागणीच्या सुमारास रामाकोन्याला थांबते. दोन्ही हातांत दोन जड पिशव्या घेऊन मी उतरतो आणि बाजारातून घराकडे जाणारा सरळ रस्ता सोडून, मागच्या गल्लीने, दुप्पट अंतर चालून घर गाठतो. पिशव्यांतला माल चोरीचा नसतो. डाळ, साखर, तेल, चहा, साबण असाच तो साधा माल. पैसे मोजून, हातभर लांब पावती घेऊन आणलेला. तरीही तो लपवून न्यावा असे मला वाटते. कारण सरळ रस्त्यावर एक किराणा दुकान आहे आणि त्या दुकानाच्या गादीवर बसलेल्या माणसाच्या नजरेला नजर देण्याचे धैर्य त्या वेळी माझ्या अंगी नसते.

परवा मात्र पाऊस पडून गेला होता. मागच्या गल्लीत पोटरीएवढा चिखल झाला होता. नाइलाजाने मी सरळ रस्ता धरला, आणि पिशव्यांवर छत्री अशा बेताने धरली की, पाहणाऱ्याला वाटावे, गुरुजी पावसाला फार भितात. दुकानदार ओट्यावर उभाच होता. तो माझा जुना विद्यार्थी. त्रैराशिकाची उदाहरणे मीच त्याला शिकविली आहेत. तो म्हणाला, "गुरुजी, थैली काहून लपवता? जड असंन त द्या इकडे, पोरगा नेऊन देते घरी."

त्याच्या बोलण्यात टोमणा असता तर बरे झाले असते. टोमण्याला उत्तर देता येते. पण त्याच्या स्वरात खरोखरच केवळ काळजी होती. "नको बापू, हलकीच आहे," असे काहीतरी पुटपुटत मी पुढे निघालो. पिशवी हलकी नव्हती, हे माझ्या वाकलेल्या खांद्यावरून त्याला दिसतच होते.

त्या रात्री मला लवकर झोप लागली नाही. माझे नेमके काय चुकते आहे, हे मी स्वतःलाच विचारू लागलो. त्याचेच हे टिपण आहे.

या मासिकाच्या कोकण-गोव्याकडील वाचकांना रामाकोना हे नाव अपरिचित असेल. सातपुड्याच्या दक्षिण उतारावर, कन्हान नदीच्या काठी, नागपूर-छिंदवाडा वाटेवरचे हे गाव. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर एका राज्यात गेले आणि आमचा सौंसर-पांढुर्णा हा मराठी मुलूख मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली छिंदवाडा जिल्ह्यातून हे दोन तालुके काढून पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला. सरकारदरबारी आम्ही हिंदी बोलतो, घरात आणि बाजारात मराठी. शेतात कापूस आणि संत्री. जवळच जाम सावलीला पहुडलेल्या मारुतीचे प्रसिद्ध स्थान आहे. तिथे मंगळवारी व शनिवारी दूरदूरचे भाविक लोटतात, आणि नारळ, शेंदूर, रुईच्या माळा विकणाऱ्या कितीतरी लहान दुकानदारांची चूल त्या गर्दीवर पेटते. आमच्या गावावरून पूर्वी अरुंद रुळांची छोटी रेल्वे जात असे. शंभरावर वर्षे चालून २०१५ साली ती रूळ रुंद करण्यासाठी बंद झाली, आणि आता मोठ्या रुळांवरून गाड्या धावतात. माझ्या लहानपणी गावच्या दुकानातला गूळ, चणे, काड्यापेट्या त्या छोट्या गाडीनेच नागपुराहून येत. आता मीच मोठ्या गाडीने किंवा बसने नागपूरला जातो आणि तिथला किराणा पिशवीतून आणतो. वाट तीच आहे. मधला माणूस तेवढा गळाला.

तो मधला माणूस म्हणजे कोण, हे सांगण्यासाठी मला थोडे मागे जावे लागेल.

आज गादीवर बसणाऱ्या माझ्या विद्यार्थ्याच्या जागी तेव्हा त्याचे आजोबा बसत. सारा गाव त्यांना शेठ म्हणे. फळ्यांचे दार, ओट्यावर मिठाचे पोते, आत तेलाचे पिंप, गुळाच्या भेल्या, छताला टांगलेला सुतळीचा गुंडा, आणि शेठच्या मांडीशी लाल कापडात बांधलेली लांबट वही. गोव्याकडे किराणा दुकानाला 'पसरो' म्हणतात असे मी ऐकले आहे. फार अर्थपूर्ण शब्द आहे तो. आमच्या शेठच्या दुकानातही सारा संसारच पसरलेला असे. पोळा आला की, तिथे बैलांच्या वेसणी, घुंगरू आणि बेगड; संक्रांत आली की तीळ; लग्नसराई आली की हळदकुंकू आणि बाशिंगे.

परंतु त्या दुकानातली सर्वांत महत्त्वाची वस्तू विकाऊ नव्हती. ती म्हणजे ती लाल वही. तिच्या प्रत्येक पानावर वर 'श्री', डाव्या बाजूला जमा आणि उजव्या बाजूला नावे. कपाशीच्या गावात पैसा वर्षातून एकदाच येतो. मृगात पेरणी होते, तेव्हा घरातला शेवटचा रुपया बियाण्यात जातो. पुढे चार-पाच महिने शेत केवळ मागतच असते. दसऱ्यानंतर बोंडे फुटू लागली की, आमच्याकडे सीतादही करतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवून मगच कापसाचा पहिला वेचा होतो, आणि त्यानंतर कुठे घरात पैसा दिसू लागतो. मृग ते सीतादही या अवधीत गावाने खायचे काय? मीठ, मिरची, तेल, गूळ आणायचे कोठून? ते त्या वहीतून येत असे. उजवी बाजू भरत जाई आणि कापूस विकला गेला की, डावी भरे. अर्थशास्त्राच्या पुस्तकात याला काहीही नाव असो. आमच्या गावात याला 'लिहून ठेवा' असे म्हणत.

मी सातवीत होतो, त्या साली आमचा कापूस किडीने खाल्ला. वडिलांनी सीतादही केले ते जवळजवळ रिकाम्या शेतात. दिवाळीला लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी शेठ नवी वही मांडीत. त्या दिवशी जुनी बाकी चुकती करायची, निदान बरीचशी द्यायची, असा शिरस्ता होता. वडील मला बरोबर घेऊन गेले. मुलगा सोबत असला तर आपला फार अपमान होणार नाही, असा त्यांचा हिशेब असावा. त्यांनी मान खाली घालून सांगितले की, यंदा देण्यासारखे काही नाही. शेठनी जुन्या वहीतले आमचे पान पाहिले, ते मिटले आणि नव्या वहीत आमच्या नावाचे पान घातले. मग म्हणाले, "सव्वा रुपया हाय का?" वडिलांनी खिसा चाचपून तो काढला. शेठनी तो डाव्या बाजूला जमा केला, आणि मगच उजव्या बाजूला गेल्या वर्षाची सारी बाकी ओढली. "पानाची सुरुवात जमेनं व्हाले पायजे," एवढेच ते बोलले. त्या हिवाळ्यात आमच्या घरी तेलमीठ आले ते त्या सव्वा रुपयाच्या आधारावर.

हे लिहिताना मला एका मोहापासून सावध राहिले पाहिजे. गेलेल्या काळाला सोन्याचा मुलामा देण्याची म्हाताऱ्या माणसांना खोड असते. शेठ देवमाणूस नव्हते. त्यांची तागडी कधीकधी त्यांच्याच बाजूने विचार करी. तुरीच्या डाळीत खडे असत, आणि ते डाळीच्याच भावाने मोजले जात. रॉकेलची टंचाई झाली की, दुकानातले रॉकेल संपे आणि मागच्या दाराने चढ्या भावाने मिळू लागे. वहीतले आकडे वाचता न येणाऱ्या मजुरांची पाने कधी संपतच नसत, आणि अशा एक-दोन पानांच्या शेवटी शेताचा तुकडा गेल्याचेही मला ठाऊक आहे. याहून लाजिरवाणी गोष्ट म्हणजे, काही गिऱ्हाइकांना ओट्याची पायरी चढता येत नसे. ते खाली उभे राहून पदर किंवा टोपले पुढे करीत, आणि पुडा वरून त्यात टाकला जाई. देवळात रामनाम घेणारे आम्ही सगळे ते पाहत होतो आणि त्यात कोणालाही काही वावगे वाटत नव्हते.

नागपूरच्या मोठ्या दुकानात मी प्रथम गेलो, तेव्हा या गोष्टीची मला फार तीव्रतेने आठवण झाली. तिथे पायरी नाही. जो आत येईल त्याने ढकलगाडी घ्यावी, फळीवरून हवी ती वस्तू स्वतःच्या हाताने उचलावी, उलटसुलट करून पाहावी, नको असेल तर परत ठेवावी. तुमचे आडनाव काय, तुमचे मागचे देणे किती, हे कोणी विचारीत नाही. वस्तूवर वजन छापलेले आणि भाव छापलेला. या दुकानांनी गावच्या दुकानदाराचे नुकसान केले असे म्हणणाऱ्याने हेही म्हटले पाहिजे की, त्यांनी कित्येकांना ताठ मानेने खरेदी करायला शिकविले.

आणि भावाविषयी तर बोलायलाच नको. तेलाच्या पिशवीमागे दहा-बारा रुपये, साखरेमागे तीन-चार, साबणाच्या तीन वड्यांवर एक फुकट. माझे पेन्शन ठरलेले आहे. महिन्याकाठी पाच-सहाशे रुपये वाचतात ते मला का नकोत? शेठच्या नातवाला मी एकदा सरळच विचारले होते की, तुला हा भाव का परवडत नाही? त्याने मला गणित समजावून सांगितले, आणि गुरूने शिष्याकडून शिकावे तसे मी ते शिकलो.

नावाजलेल्या कंपन्यांच्या मालावर त्याच्यासारख्या दुकानदाराला शेकडा आठ-दहा रुपये सुटतात. त्याच्यापर्यंत माल येतो तो कंपनीकडून, मोठ्या व्यापाऱ्याकडून, मग तालुक्याच्या व्यापाऱ्याकडून, म्हणजे दोन-तीन हातांतून. मोठी दुकाने कंपनीकडूनच गाड्याच्या गाड्या उचलतात. त्यांच्यातली काही तर आणखी एक युक्ती करतात. डीमार्टचे पहिले दुकान २००२ साली मुंबईत पवईला निघाले. या दुकानांच्या वाढीविषयी जे लिहिले गेले आहे त्यात एक गोष्ट वारंवार येते. ते माल पुरविणाऱ्याचे पैसे महिनोन्महिने थकवीत नाहीत. थोड्याच दिवसांत चुकते करतात, आणि त्या तत्परतेच्या बदल्यात भाव उतरवून घेतात. म्हणजे लवकर पैसे देण्यालाही बाजारात किंमत असते, आणि ती किंमत गिऱ्हाइकाला स्वस्ताईच्या रूपाने मिळते.

हे ऐकल्यावर माझ्या मनात पुढचे गणित आपोआप उलगडत गेले. लवकर पैसे देण्याला जर किंमत असेल, तर उशिरा पैसे घेण्यालाही असणारच. मोठे दुकान घाईचा मोबदला घेते. गावचे दुकान धीराचा मोबदला घेते. शेठचा नातू तेलाच्या पिशवीमागे जे जास्तीचे रुपये लावतो, त्यातले काही मृगापासून कापसापर्यंत थांबण्याचे असतात. समजा, त्याची शंभर गिऱ्हाइके आहेत. त्यांतली चाळीस माझ्यासारखी, पगार किंवा पेन्शन असलेली, रोख देणारी. उरलेली साठ वहीवरची. ही चाळीस माणसे ज्या चढ्या भावाने रोख पैसा देतात, त्या पैशावर तो नवा माल आणतो, आणि त्या मालावर साठ माणसे चार महिने जगतात. यात त्या चाळिसांचा तोटा होतो हे खरे. पण तो तोटा म्हणजे गावाने गावाला दिलेली, कोठेही न लिहिलेली वर्गणी होती.

आता ही चाळीस माणसे पिशवी घेऊन नागपूरच्या बसमध्ये बसली. मोठ्या दुकानाने गावच्या दुकानातले गिऱ्हाईक नेले असे आपण म्हणतो. पण सगळे गिऱ्हाईक त्याने कोठे नेले? त्याने रोखीचे तेवढे वेचून नेले. सरकीतून कापूस वेगळा करावा तसे. उधारीचे साठ लोक दुकानातच राहिले, कारण मोठ्या दुकानाच्या खिडकीवर 'लिहून ठेवा' म्हणता येत नाही. तिथेही उधारी आहे. कार्डावर आहे, हप्त्यांवर आहे. पण ती ज्याला महिन्याचा पगार आहे त्याला. कापूस वेचणाऱ्या बाईला कोण कार्ड देणार? शेठच्या नातवाने काउंटरवर मोबाइलने पैसे घेण्याची पाटी लावली आहे; परंतु ज्याच्या खात्यात पैसा आहे त्याच्यासाठीच ती पाटी बोलते. परिणामी, ज्या दुकानावर गावातल्या गरिबाचा भार आहे, त्याच्याच खांद्यातले बळ आम्ही काढून घेत आहोत. दुकान उद्या मिटले, तर मला काहीच फरक पडणार नाही. फरक पडेल तो सीतादहीची वाट पाहणाऱ्या घरांना.

काही वर्षांपूर्वी या विषयावर देशभर मोठा गदारोळ झाला होता. सप्टेंबर २०१२ मध्ये केंद्र सरकारने सर्व प्रकारच्या मालाच्या किरकोळ दुकानांत ५१ टक्क्यांपर्यंत परकीय भांडवलाला मुभा दिली. दहा लाखांवर वस्ती असलेली शहरे, तीस टक्के माल लहान कारखान्यांकडून, अशा अटी होत्या. आणि परवानगी द्यायची की नाही हे राज्यांवर सोपविले होते. महाराष्ट्राने संमती दिली, मध्य प्रदेशाने दिली नाही. आमचे गाव सीमेच्या अलीकडे, म्हणजे कागदोपत्री सुरक्षित! पण देशी भांडवलाच्या साखळी दुकानांना अशी परवानगी लागतच नव्हती. आणि २०१८ साली वॉलमार्टने फ्लिपकार्टचा मोठा हिस्सा विकत घेतल्यावर तर दुकान उघडण्याचीही गरज उरली नाही. आता ते खोक्यात बसून मोटारसायकलवरून आमच्या गल्लीत येते. याच वॉलमार्टचे पहिले दुकान १९६२ साली अमेरिकेतल्या रॉजर्स नावाच्या एका लहानशा गावात निघाले होते. मोठे व्यापारी ज्या गावांकडे ढुंकूनही पाहत नव्हते, तीच गावे त्याने निवडली. रामाकोना फार लहान आहे, आपल्याकडे कोण येतो, या समजुतीत राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

तथापि, मी हे सगळे लिहावे अशी टोचणी मला लागली ती एका वेगळ्याच प्रसंगाने, आणि त्यात दोष सर्वस्वी माझा आहे.

आमच्या आळीत मारुतीचे देऊळ आहे. हनुमान जयंतीला तिथे भंडारा होतो. वरण-भात, पुऱ्या, आलू-वांग्याची भाजी, बुंदी. हिशेब माझ्याकडे असतो, कारण निवृत्त शिक्षकाच्या हाती पैसे सुरक्षित राहतात अशी लोकांची श्रद्धा आहे. गेल्या वर्षापर्यंत भंडाऱ्याचा सगळा किराणा शेठच्या दुकानातून येत असे. यंदा मीच सभेत आकडे मांडले. तेल, साखर, बेसन, तूरडाळ नागपूरहून एकदम आणली, तर दोन हजार रुपये वाचतात. देवाचा पैसा आहे, तो वाचविणे हे आपले कर्तव्य आहे, असेही मी म्हणालो. सर्वांनी मान डोलावली. माल आला. त्याच संध्याकाळी आम्ही वर्गणीचे पावतीपुस्तक घेऊन निघालो, आणि सवयीप्रमाणे पहिला शिरकाव शेठच्या दुकानात केला. नागपूरहून माल आल्याची बातमी तिथे अर्थातच आमच्याआधी पोचली होती. त्याने काही न बोलता गल्ल्यातून पाचशे एक रुपये काढून दिले. दरवर्षी तेवढेच देतो. मी पावती फाडली.

जयंतीच्या दिवशी अपेक्षेपेक्षा माणसे बरीच जास्त आली. दुपारी एकच्या सुमारास पंगती बसलेल्या असताना तेल संपले. कढई रिकामी आणि रांग देवळाबाहेर. नागपूर तिथून दीड-दोन तासांच्या वाटेवर! एका पोराला शेठच्या दुकानात पिटाळले. दहा मिनिटांत तेलाचे दोन डबे आले आणि पाठोपाठ साखरेची एक गोणी, न मागता. बुंदीचा पाकही संपेल हे त्याने ओळखले होते. पैसे कोणी दिले नाहीत, कोणी मागितलेही नाहीत.

दोन दिवसांनी मी ते चुकते करायला गेलो. त्याने वही उघडली. आता ती लाल कापडातली नाही, शाळकरी लांब वही आहे. पण पानावर 'श्री' अजून आहे. त्याने पाने उलटली आणि एका पानावर बोट ठेवले. वर लिहिले होते: 'श्री मारुती देवस्थान.' उजव्या बाजूला, नावे: तेल डबे दोन, साखर गोणी एक. डावी बाजू कोरी.

मी ते पान पाहतच राहिलो. आमच्या पुराणपरंपरेत एक मोठा हृद्य विचार आहे. सीतेचा शोध लावणाऱ्या मारुतीचे ऋण आपल्याला कधीही फेडता येणार नाही, असे प्रत्यक्ष रामचंद्र म्हणतात. ज्याचे ऋण रामाला फिटले नाही, त्या मारुतीला मी, रामाकोन्याचा एक हिशेबनीस, दोन डबे तेलापायी ऋणको करून ठेवला होता. देव रोखीच्या खरेदीला नागपूरला गेला आणि उधारीला गावात आला. माझ्या पिशवीची जी कथा, तीच मी देवाच्या माथी मारली होती.

मग उपाय काय? गावच्या दुकानदाराचे पोट भरावे म्हणून सर्वांनी महाग माल घ्यावा, असा उपदेश मी कोणाला करणार नाही. तो मला स्वतःलाच पचत नाही. यावर माणसांनी पूर्वी विचार केलेला आहे. १८४४ साली इंग्लंडातल्या रॉचडेल गावी काही विणकरांनी वर्गणी काढून स्वतःचे दुकान उघडले. पीठ, लोणी, साखर, मेणबत्त्या एवढाच माल; पण वजन चोख, माल भेसळीविना, आणि नफा गिऱ्हाइकांत वाटायचा. मुंबईत नायगावला १९४८ साली सुरू झालेला अपना बाजार त्याच वाटेवरचा. गोव्यात बागायतदारांच्या सहकारी संस्थेची बाजार-दुकाने आजही चालतात, सुपारी विकणारा आणि किराणा घेणारा एकाच संस्थेचा सभासद असतो, हे या मासिकाचे वाचक माझ्याहून अधिक जाणतात. या सर्व प्रयत्नांतून मला एक गोष्ट मात्र खटकली. रॉचडेलच्या विणकरांचा एक कडक नियम होता: उधारी बंद. उधारीने कामगार दुकानदाराच्या मुठीत जातो, हे त्यांनी भोगले होते, म्हणून तो नियम योग्यच होता. पण त्यांना दर आठवड्याला मजुरी मिळत होती. कपाशीच्या गावाने तो नियम जसाच्या तसा उचलला, तर भाद्रपदात चुली विझतील.

तेव्हा मोठ्या संस्थेची स्वप्ने बाजूला ठेवून मी माझ्यापुरते त्रैराशिक पुन्हा मांडले. मोठे दुकान स्वस्त का? कारण ते लवकर पैसे देते. माझा विद्यार्थी महाग का? कारण त्याच्याजवळ लवकर द्यायला पैसा नाही. तो वहीत अडकला आहे. आणि माझ्याजवळ काय आहे? दर महिन्याच्या पहिल्या तारखेला खात्यात पडणारे पेन्शन, जे मी महिनाभर थोडेथोडे खर्च करतो. मग हा पैसा पहिल्याच तारखेला त्याच्याकडे का जाऊ नये?

मी दुसऱ्या महिन्याच्या पहिल्या तारखेला दुकानात गेलो आणि महिन्याच्या किराण्याचे सगळे पैसे आगाऊ त्याच्यापुढे ठेवले. माझ्या नावाने जमा कर म्हणालो. तो गोंधळला. आजवर त्याच्याकडे येणाऱ्यांनी वहीची उजवीच बाजू भरली होती. मी त्याला समजावून सांगितले की, माझ्यासारखे आणखी पंधरा-वीस पगारी लोक असे करतील, तर तो तालुक्याच्या व्यापाऱ्याकडे न जाता रोख पैसे घेऊन नागपूरच्या घाऊक बाजारात जाऊ शकेल, आणि भाव पुष्कळ उतरेल. तो थोडा वेळ बोटांवर हिशेब करीत राहिला. मग म्हणाला, "उतरंन, गुरुजी. पन त्यांच्याइतका नाही उतरनार."

तो प्रामाणिक आहे. त्याने पूर्वी त्रैराशिकही प्रामाणिकपणेच सोडविले होते, चुकले तरी दुसऱ्याच्या पाटीतले उतरविले नव्हते. भाव त्यांच्याइतका उतरणार नाही हे मला मान्य आहे. आजवर आमच्यातले सातजण झाले आहेत. तेलाच्या पिशवीमागचा फरक बारा रुपयांवरून सात-आठांवर आला आहे. तो उरलेला फरक मी समजून उमजून देतो. देवस्थानच्या सभेतही ठराव मांडला: पुढच्या जयंतीच्या किराण्याचे पैसे दोन महिने आधी त्याच्याकडे जमा करावे. ठराव मंजूर झाला. पण एकाने विचारलेच की, गुरुजी, देवाचा पैसा वाचविणे हे कर्तव्य आहे ना? मी म्हणालो, हो. पण देवाचा पैसा आला कोठून, तेही कधीतरी पाहावे.

हे सारे टिकेल की नाही, कोण जाणे. दुकानदाराचा मुलगा नागपूरला शिकतो आणि गादीवर बसण्याची त्याला यत्किंचितही इच्छा नाही. माझ्या घरीही नागपूरची पिशवी पूर्ण बंद झालेली नाही. नातवंडांना हव्या असलेल्या काही वस्तू गावात मिळत नाहीत. मात्र ती आता एकच असते, हलकी असते, आणि बसमधून उतरल्यावर मी सरळ रस्त्याने जातो.

पहिल्या तारखेला त्याने वहीत माझ्या नावाचे नवे पान घातले, तेव्हा मी खिशातून सव्वा रुपया काढू लागलो. पण चार आण्याचे नाणे चलनातून जाऊन बरीच वर्षे झाली आहेत. त्याने विचारले, "हे काय गुरुजी?" मी त्याला त्याच्या आजोबांची गोष्ट सांगितली. ती त्याला ठाऊक नव्हती. वडिलांनी दिलेल्या त्या सव्वा रुपयावर आमच्या घराने एक हिवाळा काढला, आणि पुढल्या साली कापूस आल्यावर ती बाकी फिटली, हे मी त्याला सांगितले. तो काही बोलला नाही. पेन उचलून त्याने माझे पान डाव्या बाजूने लिहायला सुरुवात केली.